दिल्ली बघायची, पण उन्हाच्या आधी

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून झालेल्या प्रभागसंघाच्या सभेत एका ग्रामसंघाच्या माजी सचिव ताईंनी केलेले भाषण. बोलल्याप्रमाणेच, थोडे आवरून, इथे देत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला अर्धा तास दिलाय. विषय थकबाकीचा नाही आणि नोंदवह्यांचाही नाही, तेव्हा कुणी चुळबुळ करू नका. येत्या मे महिन्यात आपल्या प्रभागातल्या तीन ग्रामसंघांच्या बायकांनी दिल्ली बघायला जायचं ठरवलंय. आमच्या गावच्या चौदा जणी तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातच जाऊन आलो, म्हणून मला उभं केलंय.

पहिला प्रश्न तुम्हाला घरातच विचारतील. "दिल्लीला कशाला?" पंढरपूरला निघालं की कुणी कशाला विचारत नाही. तुळजापूरला नाही, माहूरला नाही. प्रशिक्षणाला निघालं तरी चालतं, साहेबांनी बोलावलंय म्हणतात. आपल्यातल्या काही जणी सरसच्या प्रदर्शनाला मोठ्या शहरात जाऊन आल्या. त्यांना विचारा काय पाहिलं. पापडाची पाकिटं, लोणच्याच्या बरण्या आणि समोरचा स्टॉल. आठ दिवस शहरात राहून शहर पाहिलं नाही. म्हणजे बाईनं कामाला जावं, देवाला जावं, पण नुसतं बघायला जायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

माझं म्हणणं एवढंच की खोटं कारण सांगू नका. आमच्या वेळी दोघी-तिघींनी घरी प्रशिक्षण आहे असं सांगितलं होतं. झालं काय, परत आल्यावर त्यांना काही बोलताच येईना. कुतुबमिनार किती उंच होता हे सासूला सांगायचं तर प्रशिक्षण कुठं गेलं? बाकीच्या ओट्यावर बसून महिनाभर दिल्ली सांगत होत्या आणि या गप्प. तेव्हा सरळ सांगा. राजधानी आहे, आपण मत देतो त्याचं सरकार तिथं बसतं, ती बघायची आहे, आणि माझ्या पैशानं बघायची आहे.

आता पैसे. तिन्ही ग्रामसंघांनी मागच्या जूनपासून महिन्याला ५०० रुपये वेगळे टाकायला सुरुवात केली हे फार चांगलं झालं. एप्रिलपर्यंत अकरा हप्ते, म्हणजे बाईमागे ५,५०० रुपये. हे गटाच्या बचतीत मिसळू नका. वही वेगळी ठेवा. आणि कुणी कितीही म्हणालं तरी फिरायला जायला अंतर्गत कर्ज काढायचं नाही. मे महिन्यात काढलेल्या कर्जाचा हप्ता जून-जुलैत येतो, तेव्हाच बियाणं आणि खत घ्यायचं असतं. मग घरचे म्हणणार, बघा, दिल्लीपायी पेरणी अडली. ते बोलायची संधीच द्यायची नाही. ५,५०० मध्येच रेल्वे, राहणं, खाणं, मेट्रो आणि तिकिटं बसवायची. त्यातलेही ५०० प्रत्येकीचे काढून आजारपणासाठी एकत्र ठेवायचे, लागले नाहीत तर परत वाटायचे. खरेदीचे पैसे जिचे तिचे. सामायिक पैसा दोघींच्या हातात असावा, आणि रोज रात्री झोपायच्या आधी जमाखर्च मोठ्यानं वाचायचा. गटात करतो तसाच.

लोक तुम्हाला म्हणतील, दिल्लीला थंडीत जावं. खरंच आहे ते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा छान असते, राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान तेव्हा फुलांनी भरतं आणि लोकांसाठी उघडतं. पण फेब्रुवारीत आपला हरभरा आणि गहू काढणीला येतो, पोरांच्या परीक्षा तोंडावर असतात. नोव्हेंबरात कापूस वेचायचा असतो. ऊसतोडीला गेलेल्या बायका तर दिवाळीच्या सुमाराला गेल्या की उन्हाळा लागल्यावरच परत येतात. सगळ्यांना जमेल अशी फट मे महिन्यातच आहे. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, त्याआधीचे आठ-दहा दिवस बी-बियाण्याच्या धावपळीचे. लग्नाच्या तिथी बघून मेचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरा.

आणि मे म्हटलं की पाणी आलंच. ही अडचण दिल्लीची नाही, आपल्या दारातली आहे. टँकर आला आणि बाई घरी नाही, तर पिंप कोण भरणार? आमच्या वेळी चार जणींची नावं फक्त या एका कारणानं गळायला आली होती. मग ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव केला. मागे राहणाऱ्या बायकांनी जाणाऱ्यांच्या घरची दोन-दोन पिंपं भरायची, आणि पुढच्या वर्षी उलट. इतिवृत्तात लिहून सह्या घेतल्या. शेळ्यांचंही तसंच ठरलं. घरातल्या पुरुषमाणसांनी पाणी भरलं तर सोन्याहून पिवळं, पण त्या भरवशावर गाडी पकडू नका.

गाडी आपल्याला सोयीची आहे ती सचखंड एक्सप्रेस. नांदेडहून सुटते, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, भुसावळ करत भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा या वाटेनं दिल्लीला जाते आणि पुढे अमृतसरला. जालन्याहून दिल्लीला साधारण एक दिवस आणि एक रात्र लागते. या गाडीत वाटेवरच्या काही स्टेशनांवर गुरुद्वाराची माणसं प्रवाशांना लंगर वाढतात, फुकट. ताटली आणि पेला मात्र आपला लागतो, म्हणून तो पिशवीच्या वरच्या बाजूला ठेवा. आमच्यातल्या एकीनं पदर पुढे केला होता. वाढणारे हसले, पण पोळी पदरात घालून गेले.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १२ मेला निघायचं तर मार्चच्या मध्यावरच तिकीट काढायचं, एप्रिल उजाडू द्यायचा नाही. सुट्टीच्या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या भरभर भरतात आणि वेटिंगच्या तिकिटावर वयस्कर बायकांना घेऊन निघणं मला पटत नाही. एका तिकिटावर सहा जणींची नावं बसतात. पण ४५ वर्षांवरच्या बाईला खालचा बर्थ देण्याची जी सोय आहे, ती एकटीचं किंवा दोघींचंच तिकीट असेल तर लागू होते, तेही जागा शिल्लक असल्यास. म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची तिकिटं दोघी-दोघींची काढा, बाकीच्यांची सहा-सहाची. पूर्वी ५८ वर्षांवरच्या बायकांना अर्धं तिकीट होतं, ती सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. ती धरून हिशोब करू नका. एसटीचं अर्धं तिकीट आहे, ते जालन्यापर्यंत.

तिकिटावर नाव आधार कार्डावर आहे तेच आणि तसंच पाहिजे. हे बोलायला सोपं वाटतं. आपल्यात कुणाच्या आधारवर माहेरचं आडनाव, कुणाचं लग्नात बदललेलं नाव, कुणाला गावात एका नावानं ओळखतात आणि कागदावर दुसरंच. मागच्या वेळी यादी करताना मला कळलं की माझ्या शेजारच्या काकूंचं खरं नाव मला वीस वर्षं माहीतच नव्हतं. म्हणून यादी तोंडी करू नका, आधारची झेरॉक्स समोर ठेवूनच लिहा. आणि मूळ कार्ड जिचं तिनं जवळ ठेवायचं. नवऱ्याच्या पाकिटात नाही, गटाच्या पिशवीतही नाही.

आता मुख्य गोष्ट, ऊन.

दिल्लीत मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय बर्फ पडतो? बरोबर आहे. पण आपण आपल्या उन्हात कसं वागतो ते आठवा. धसकटं वेचायला किंवा भुईमूग काढायला आपण कधी जातो? दिवस उगवायच्या आत. अकरा वाजले की बांधावरच्या लिंबाखाली. मग उन्हं उतरली की पुन्हा दोन तास. भर दुपारी रानात उभी राहणारी बाई शहाणी म्हणवत नाही. आणि सहलीला गेली की तीच बाई काय करते? नऊला हॉटेलात पोहे खाते, दहाला निघते आणि बारा वाजता लाल किल्ल्याच्या फरशीवर उभी राहते. का, तर भाड्याच्या गाडीवाल्यानं तशी वेळ सांगितली. आपली शेतातली अक्कल दिल्लीला सोबत न्यायची. सकाळी उघड्यावरचं बघायचं, दुपारी छपराखालचं, संध्याकाळी पुन्हा उघड्यावर. सगळं नियोजन या एका गोष्टीवर बसवा.

कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर ही दोन्ही ठिकाणं सकाळी लवकर उघडतात. तिकीट आपल्या माणसांना पस्तीस-चाळीस रुपये, १५ वर्षांखालच्या पोरांना काहीच नाही. सातच्या सुमारास आत गेलात तर गर्दी नाही, ऊन तिरपं आणि पाखरांचा आवाज. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीवर टाक्या रचत गेलं तर चार-पाच लागतील. वर चढू देत नाहीत, १९८१ साली आत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली तेव्हापासून जिना बंद आहे. मिनार पुरा करणारा अल्तमश, त्याची मुलगी रझिया. १२३६ ते १२४० अशी चार वर्षं ती दिल्लीच्या गादीवर होती. आठशे वर्षांपूर्वी बाई सुलतान झाली, आणि आपल्याकडे अजून सरपंचबाईंच्या खुर्चीवर कधी कधी पतिराज बसलेले दिसतात. असो.

हुमायूनच्या कबरीत मला जास्त करमलं. ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी बांधला हे सगळ्यांना पाठ असतं. ही त्याच्या कितीतरी आधीची, आणि ही बायकोनं नवऱ्यासाठी बांधून घेतली. तिचं नाव बेगा बेगम. मोठी बाग आहे, पाण्याचे पाट आहेत, झाडांची सावली आहे. सकाळची न्याहारी करून निघा, पण आत डबा सोडू नका. पाण्याच्या बाटल्या मात्र प्रत्येकीकडे.

दुपारी काय? दुपारी जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय. आत थंड असतं आणि बसायला जागा असते. तिथं मोहेंजोदडोला सापडलेली नाचऱ्या मुलीची मूर्ती आहे. पुस्तकातल्या चित्रावरून वाटतं मोठी असेल, प्रत्यक्षात अर्ध्या वितीएवढी. साडेचार हजार वर्षांपूर्वीची. एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात दंडापर्यंत बांगड्या. आमच्यातल्या एक वहिनी तिच्यासमोरून हलेनात. म्हणाल्या, "हिची उभं राहायची ढब आपल्या शकीसारखी आहे." पहारेकऱ्यानं दोनदा हटकलं तेव्हा निघालो.

दुपारची आणखी दोन ठिकाणं जवळजवळ आहेत आणि दोन्ही फुकट. एक, सफदरजंग रोडवरचं इंदिरा गांधींचं घर. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्यांना गोळ्या लागल्या तेव्हा नेसलेली साडी तिथं काचेत ठेवली आहे. दुसरं, गांधी स्मृती, म्हणजे बिर्ला हाऊस. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजी प्रार्थनेला ज्या वाटेनं चालत गेले ती वाट तिथं पावलांच्या खुणांनी दाखवली आहे. आमच्या आज्या तिथं बराच वेळ बसून राहिल्या. त्यातल्या एकीला तिच्या वडिलांनी सांगितलेलं आठवत होतं की ती बातमी आली त्या दिवशी गावात चूल पेटली नव्हती.

तिसऱ्या दुपारी अलीपूर रोडवरचं बाबासाहेबांचं स्मारक ठेवा. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले ती ही जागा. आता तिथं उघडलेल्या संविधानाच्या पुस्तकासारखी इमारत उभी आहे, २०१८ साली झालेली. चैत्यभूमीला आपल्यातल्या अनेक जणी जातात, पण ही जागा माहीत असणाऱ्या थोड्याच.

लाल किल्ला मात्र या नियोजनात नीट बसत नाही. तो उघडायलाच साडेनऊ होतात आणि आत सगळी फरशी आणि मोकळं मैदान. म्हणून त्या दिवशी आधी सकाळी चांदणी चौकात फिरून घ्या, दुकानं उघडायच्या आत, रस्ता मोकळा असतो. हा बाजार शहाजहानच्या मुलीनं, जहाँआरानं वसवला. मग किल्ला उघडताच पहिल्या रांगेत आत, आणि साडेअकराला बाहेर म्हणजे बाहेर. दिवाण-ए-खासमध्ये वर मान करून छत बघा. ते पूर्वी चांदीनं मढवलेलं होतं. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेला पैसा हवा म्हणून ती चांदी काढून वितळवली. पाच-सहा महिन्यांत, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं.

संध्याकाळ इंडिया गेटची. दिवे लागले की तिथं जत्राच असते. शेजारी राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९ साली झालेलं. तिथल्या भिंतींच्या विटांवर शहीद जवानांची नावं कोरली आहेत. आपल्या प्रभागात ज्यांच्या घरचं माणूस सैन्यात होतं आणि परत आलं नाही, त्यांनी नाव, रेजिमेंट आणि वर्ष कागदावर लिहून न्यावं, म्हणजे शोधायला सोपं जातं. राष्ट्रपती भवन बाहेरून दिसतं. आतून बघायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी आणि प्रत्येकीचं ओळखपत्र लागतं. ते काम आपल्या कुणाच्या कॉलेजातल्या मुलीकडे आत्ताच सोपवा. ३४० खोल्यांचं ते घर. आपल्या खानदेशातल्या प्रतिभाताई पाटील त्यात पाच वर्षं राहिल्या, आता द्रौपदी मुर्मू आहेत.

दुसरी एक संध्याकाळ दिल्ली हाटला. हे मी खास आपल्यासाठी सांगते. वेगवेगळ्या राज्यांचे कारागीर तिथं आपला माल घेऊन बसतात, आणि काही दिवसांनी बदलून दुसरे येतात. विकत घ्यायला नाही तरी बघायला जा. पिशवीला कसली मूठ लावली आहे, मसाल्याच्या पाकिटावर काय काय छापलंय, भाव कसा लिहिलाय, गिऱ्हाईकाशी कसं बोलतात. आम्ही तिथून आलो आणि आमच्या शेवयांची पाकिटं बदलली.

दिल्लीत फिरायला मेट्रो. गाडी ठरवून देतो म्हणणारे स्टेशनच्या बाहेरच भेटतील, तिकडे लक्ष देऊ नका. मेट्रोची पिवळी मार्गिका ध्यानात ठेवा. नवी दिल्ली स्टेशन, चांदणी चौक, केंद्रीय सचिवालय, दिल्ली हाट, कुतुबमिनार ही सगळी स्थानकं त्या एकाच मार्गावर आहेत. राहायची जागा त्या मार्गाच्या जवळ घ्या, मग निम्मी दिल्ली गाडी न बदलता होते. जाण्याच्या दिशेचा पहिला डबा बायकांचा असतो आणि आत थंडगार. दार बंद होताना पळत चढायचं नाही. कुणी मागे राहिलीच, तर गाडीतल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून थांबायचं, आणि मागे राहिलेलीनं पुढच्या गाडीनं तिथंच यायचं. हे निघायच्या आधी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घ्या. मोबाइल नसलेल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत राहायच्या जागेचा पत्ता आणि दोघींचे नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. संकटात ११२, बायकांसाठी १८१ आणि रेल्वेत १३९, हे नंबर पाठ पाहिजेत.

आता जे बोलणार आहे ते पुरुष बसलेले असते तर कदाचित बोलले नसते. प्रवासात आपण पाणी पीत नाही. का, तर लघवीला जायची पंचाईत. सकाळी निघताना अर्धा पेला चहा आणि मग थेट संध्याकाळी. गावात हे खपून जातं, मे महिन्याच्या दिल्लीत खपत नाही. आमच्यातली एक धडधाकट, चाळिशीतली बाई दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या दारात चक्कर येऊन खाली बसली. विचारलं तर सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. "कुठं जायचं होतं बाई, म्हणून प्यायले नाही," म्हणाली. तेव्हापासून आम्ही नियम केला. दर तासाला थांबायचं आणि सगळ्यांनी एकदम पाणी प्यायचं, एकमेकींच्या बाटल्या बघायच्या. आणि जिथं स्वच्छतागृह दिसेल तिथं सगळ्यांनी जाऊन यायचं, लागलेली असो वा नसो. स्मारकांच्या आवारात असतं, संग्रहालयात असतं, मेट्रोच्या बऱ्याच स्थानकांवर असतं. सुटे पैसे जवळ ठेवा. लाजून जीव घालवू नका, एवढंच म्हणेन.

तसंच पाळीचं. जायच्या तारखा कळल्या की काही जणी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात. हे देवदर्शन नाही, पाळी आली म्हणून कुठलं दार बंद होणार नाही. ज्यांना बीपी आहे, पायात गाठी झाल्या आहेत, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊच नये. जास्तीचे पॅड किंवा स्वच्छ कापड घ्या आणि निवांत चला.

बीपी-शुगरच्या गोळ्या दहा दिवसांच्या घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नाही. ओआरएसची पाकिटं आशाताईंकडून घ्या. सुती साडी, डोक्याला पंचा किंवा ओढणी, आणि एक जोडी पायमोजे. पायमोजे कशाला विचाराल. जिथं चप्पल काढावी लागते तिथं दुपारच्या दगडावर पाय ठेवून बघा, मग कळेल. ऊन लागल्याची खूण लक्षात ठेवा: अंग तापतं, घाम यायचा थांबतो, बाई काहीतरीच बोलायला लागते. लगेच सावलीत घ्यायचं, मानेला, काखेत ओलं फडकं, वारा घालायचा, आणि ११२ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

वार कोणता धरायचा तेही सांगते. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, कमळाचं मंदिर बंद, अक्षरधाम बंद, गांधी स्मृतीही बंद. म्हणून इथून सोमवारी निघा, मंगळवारी पोचा. त्या दिवशी फक्त आराम आणि संध्याकाळी बंगला साहिब गुरुद्वारा. डोक्यावर पदर, लंगरात जेवण, तळ्याकाठी बसणं. नांदेडच्या गुरुद्वाराची सवय असलेल्या आपल्या बायकांना तिथं परकं वाटत नाही. मनात असेल तर पोळ्या लाटायला बसा, कुणी नाही म्हणत नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार फिरायचं आणि शनिवारी परतीची गाडी.

कागदावर अजून चार ठिकाणं लिहिलेली दिसतात मला, पण तीन दिवसांत एवढंच होतं. जास्त कोंबाल तर शेवटच्या दिवशी निम्म्या बायका खोलीवर पडून राहतील.

(भाषणानंतर विचारलेले दोन प्रश्न.)

"ताई, एवढं दिल्लीपर्यंत जायचं आणि ताजमहाल नाही बघायचा?"

हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं, आमच्यातही यावरून भांडण झालं होतं. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीहून एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे जाता-येता सात-आठ तास गाडीत आणि भर दुपारी संगमरवरावर. मे महिन्यात मी त्याला नाहीच म्हणेन. बघायचाच असेल तर परतीचं तिकीट आग्र्यापासून काढा. शुक्रवारी संध्याकाळी आग्र्याला मुक्कामाला जायचं, शनिवारी सूर्य उगवताना ताजमहाल, आणि आपली गाडी आग्र्यालाही थांबते, तीच दुपारी पकडायची. पण मुक्कामाचा खर्च वाढेल, तो ५,५०० मध्ये बसतो का ते आधी वहीत मांडून बघा.

"माझी सासू ७२ वर्षांची आहे, ती म्हणते मला न्या. न्यावं का?"

न्या. आमच्यात ७० वर्षांच्या दोघी होत्या. मात्र तिच्यासोबत एक जोडीदारीण ठरवा, सून नको, दुसरीच कुणीतरी. सून सोबत असली की सासू सुनेचीच काळजी घ्यायला लावते आणि दोघींचंही बघणं होत नाही. किल्ल्यात चाकाची खुर्ची मिळते का ते दारावरच विचारा. आणि जिथं तिला बसावंसं वाटेल तिथं सावलीत एक तास बसू द्या, तेही बघणंच आहे.

नावं १० फेब्रुवारीपर्यंत आपापल्या ग्रामसंघाच्या सचिवांकडे द्या, आधारच्या झेरॉक्ससकट. टँकरच्या पाण्याचा ठराव फेब्रुवारीच्याच बैठकीत घ्या, त्याच्यावर मागे राहणाऱ्यांच्या सह्या पाहिजेत.